शिखर हाइट्सचा पहिला घड

"आणि मी अंघोळ कुठे करू?" मीरावहिनींनी बाथरूमच्या दारात उभं राहून विचारलं.

प्रश्न साधा होता, पण आत्माराम पेडणेकरांना उत्तर द्यायला सवड नव्हती. ते प्लास्टिकच्या स्टुलावर चढले होते, दातांत सुतळी धरली होती आणि कपडे वाळत घालायच्या दांडीला केळीचा एक अख्खा घड टांगत होते. घड हिरवागार, चांगला भरलेला, खालच्या फण्या जवळजवळ बादलीला टेकलेल्या. वन बीएचकेच्या त्या बाथरूममध्ये आता घड तरी मावत होता किंवा माणूस तरी.

"फक्त रविवारपर्यंत," सुतळी तोंडातून काढत ते म्हणाले.

"आज गुरुवार आहे."

"मग काय झालं? थंडीचे दिवस आहेत. तुला घाम कुठे येतो?"

वहिनींनी नुसतं पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर त्या पाहण्याचा अर्थ पेडणेकरांना बरोबर कळत असे. ते स्टुलावरून उतरले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "अगं, समजून घे. हा घड पिकला नाही तर आपली वाडी गेली."

त्यावर मात्र वहिनी दारातून बाजूला झाल्या. कारण ते खरं होतं.

शिखर हाइट्स ही विरार पूर्वेला चंदनसारमधली चार मजल्यांची इमारत. चार मजल्यांना हाइट्स का म्हणायचं ते बिल्डरला ठाऊक, आणि बिल्डर कुठे आहे ते कुणालाच ठाऊक नाही. जाताना तो पंप रूमच्या मागे फुटक्या लाद्या, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या आणि एक मोडकं कमोड असा सगळा राडारोडा आठवण म्हणून ठेवून गेला होता. पेडणेकर पोस्टातून निवृत्त झाले त्या दिवशी सगळ्यांनी त्यांना शाल आणि श्रीफळ दिलं. शेजारच्या टेबलावरच्या युजीनने मात्र गोणपाटात गुंडाळलेला केळीचा कोंब दिला, मातीसकट. युजीन जवळच्याच गिरीज गावचा. नोकरी पोस्टात केली, पण जीव सगळा वाडीत. "शाल कपाटात जाईल, नारळ वाटणात जाईल," तो म्हणाला, "हा लाव. वेलची केळ आहे, माझ्या आजोबांच्या हातची."

फ्लॅटमध्ये केळ लावायची कुठे? पेडणेकर खाली उतरले आणि त्या राडारोड्यात पहिली कुदळ मारली. लोक गॅलरीतून बघत होते आणि हसत होते. पेन्शनीत निघालेल्या माणसाचं असंच होतं, असं म्हणत होते. मग तिसऱ्या मजल्यावरची स्वप्ना एक दिवस वांग्याची रोपं घेऊन आली आणि म्हणाली, "काका, एवढ्याशा कोपऱ्यात लावू का?" तिच्या मुलाला वांगं दिसलं की पोटात दुखायचं. आपण पाणी घातलेलं वांगं म्हटल्यावर त्याने भरली वांगी दोनदा वाढून घेतली. ही बातमी सगळ्या जिन्यात पसरली आणि महिनाभरात प्रत्येक घराला वाफा हवा झाला. कुणी अळू लावला, कुणी मिरची, कुणी लाल माठ. मांडवावर पडवळं लोंबायला लागली. मागच्या गल्लीत उघडणारं फाटक ढिगाऱ्याखाली गाडलं गेलं होतं, ते खणून काढलं, बिजागऱ्यांना तेल घातलं आणि युजीनचा शेणखताचा टेम्पो आत यावा एवढा रस्ता वाफ्यांच्या मधून राखला. आता शेजारच्या सोसायट्यांतली माणसं रविवारी वाडी बघायला येत, आणि पेडणेकर त्यांना वाफ्यावाफ्यातून फिरवत. त्या वेळी त्यांची छाती अशी फुगलेली असे की शर्टाची बटणं बघणाऱ्याला काळजी वाटावी.

आणि मग सेक्रेटरी हर्षवर्धन शिंगटे यांनी मोठी गाडी घेतली.

माणूस वाईट नव्हता. साताऱ्याकडचा, तोंडाने फटकळ, सोसायटीसाठी धावणारा. पण गाडी इतकी मोठी होती की ती फाटकाशी उभी केली की बाकीच्यांना आडवं होऊन आत यावं लागे. तेव्हा शिंगट्यांनी ठराव आणला, पंप रूमच्या मागे पेव्हर ब्लॉक टाकायचे आणि तिथे पार्किंग करायचं. रविवारी सर्वसाधारण सभा. सही करणारे बरेच होते, कारण गाड्या बऱ्याच होत्या.

"काका, रागवू नका," शिंगटे कंपाउंडमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले होते, "पण ती केळ लावून एवढे दिवस झाले. एक केळं तरी खाल्लं का सोसायटीने?"

"घड आलाय," पेडणेकर उसळले. "रविवारी सभेत प्रत्येक घराला केळं देतो. पिकलेलं! खा आणि मग ठरवा!"

"पिकलेलं? म्हणजे बाजारातली पावडर लावणार. मग बाजारातलंच का नाही खायचं?"

"वाडीचं केळं आहे, शिंगटे. वाडीच्या पद्धतीनंच पिकेल."

सगळ्यांनी ऐकलं. शब्द गेला तो गेला.

घड उतरवला तेव्हा कळलं की तो पोपटासारखा हिरवा आहे आणि त्याला कसलीही घाई नाही. पेडणेकरांनी गिरीजला फोन लावला.

"नुसता ठेवलास तर एकेक फणी पिकत जाईल," युजीन म्हणाला. "वरची फणी काळी पडेल तेव्हा खालची हिरवीच असेल. सगळा घड एकदम पिकवायचा तर धूर द्यायला हवा."

"कसला धूर?"

"अरे, आम्ही खड्ड्यात घड रचतो, वरून बंद करतो आणि मडक्यातून आत धूर सोडतो. शेणी आणि नारळाची सोडणं. रात्रभर धूर कोंडायचा, सकाळी थोडा परत द्यायचा. मग हवा लागू न देता दोन दिवस ठेवायचा. सोन्यासारखा निघतो."

"युजीन, मी दुसऱ्या मजल्यावर राहतो. खड्डा कुठून आणू?"

युजीनने विचार केला. पाठीमागे त्याची बायको सुझान काहीतरी सुचवत होती, त्यांच्या घरच्या बोलीत, आणि हसत होती. "खिडकी नसलेली खोली आहे का?" त्याने विचारलं. "फक्त आत कुणी जायचं नाही हां. धूर वाईट असतो."

अशा रीतीने घड बाथरूममध्ये आला.

पेडणेकरांनी काम मन लावून केलं. भिंतीत वर एक झरोका होता, त्यात एक्झॉस्टचा पंखा बसवलेला, आणि पलीकडे पाइपांची डक्ट. पंख्यावर त्यांनी वर्तमानपत्राचे कागद चिकटवले. मोरीच्या जाळीवर पाण्याची पिशवी ठेवली. बादली, मग, साबण, सगळं बाहेर काढलं. खाली लादीवर वीट, विटेवर मडकं, मडक्यात युजीनने पाठवलेल्या शेणी आणि नारळाची काथ्याळ सोडणं. पेटवलं, धूर धरला, दार ओढलं आणि दाराच्या फटीत वहिनींचा चांगला टॉवेल कोंबला.

"तो माझा माहेरचा टॉवेल आहे," वहिनी म्हणाल्या.

"वाडीसाठी आहे गं."

"वाडीसाठी आहे, वाडीसाठी आहे. उद्या मलाच टांगाल तिथे, वाडीसाठी म्हणून."

सकाळी पेडणेकरांनी तोंडाला पंचा बांधून मडक्यात आणखी सोडणं टाकली, घाईने दार ओढलं आणि टॉवेल पुन्हा कोंबला. स्वतःची अंघोळ त्यांनी उजाडायच्या आत वाडीतल्या नळाखाली उरकली होती. वहिनी कपडे आणि साबण घेऊन तिसऱ्या मजल्यावर स्वप्नाकडे गेल्या. इथपर्यंत सगळं ठीक होतं, आणि पेडणेकर इथेच खाली उतरले असते तर ही गोष्टही झाली नसती.

पण त्यांना राहवेना. आपला घड आत कसा दिसतोय ते एकदा, फक्त एकदा, बघावं असं वाटलं. दार तर उघडायचं नव्हतं. कडीच्या वर लाकडात एक बारीक भोक होतं. त्याला त्यांनी डोळा लावला. आत काळोख. म्हणून त्यांनी बाहेरचं बटण दाबलं आणि लाइट लावला. भोकातून पांढरा धूर दिसला, त्या धुरात घडाची सावली दिसली, आणि त्या दर्शनाने तृप्त होऊन ते वाडीत मिरच्यांना पाणी घालायला निघून गेले.

शिखर हाइट्सच्या प्रत्येक बाथरूममध्ये लाइट आणि एक्झॉस्ट एकाच बटणावर आहेत. वायरमनने त्यात एक वायर वाचवली होती. पेडणेकर त्या घरात इतकी वर्षं राहत होते, रोज ते बटण दाबत होते, पण त्या क्षणी त्यांच्या डोक्यात केळ्याशिवाय काहीही नव्हतं. रात्रभराच्या दमटपणाने ओलावलेले कागद पंख्याने पहिल्याच फेरीत फाडले आणि कोंडलेला सगळा धूर डक्टमध्ये ढकलला. डक्ट सगळ्या बाथरूमना सामाईक. धूर वर निघाला.

तिसऱ्या मजल्यावर मीरावहिनी नुकत्याच डोक्यावरून पाणी घेऊन उभ्या होत्या. झरोक्यातून वास आला आणि त्यांना कळलं. नुसतं कळलं नाही, कुणी, कशासाठी आणि कोणत्या मडक्यातून, सगळं कळलं. "अरे देवा," एवढंच त्या म्हणाल्या आणि मिळेल ती साडी गुंडाळून बाहेर आल्या.

चौथ्या मजल्यावर हर्षवर्धन शिंगटे डोळ्यांना साबण लावून गाणं गुणगुणत होते. त्यांनी डोळे उघडले तेव्हा आपल्याला दिसत का नाही हे त्यांना आधी कळेना. त्यांना वाटलं साबण गेला डोळ्यांत. पाणी मारलं, तरी पांढरंच. मग खोकला आला.

"आग! आग लागली! डक्टमध्ये शॉर्ट सर्किट! सगळे खाली चला!"

ते ओरडत सुटले ते टॉवेलवरच. डोक्यावर फेस, पायांत एकच चप्पल, हातात मोबाइल. पण माणूस सेक्रेटरी होता, हे मान्यच करायला हवं. प्रत्येक मजल्यावर प्रत्येक दार बडवलं, तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना हाताला धरून खाली आणलं आणि उतरता उतरता अग्निशमन दलाला फोनही लावला. वॉचमन शत्रुघ्नने मेन स्विच पाडला. पंखा थांबला, पण तोवर गच्चीवरच्या डक्टच्या तोंडातून धुराचा लोट असा निघाला होता की समोरच्या इमारतीतले लोकही खाली उतरले.

पेडणेकरांनी मिरच्यांच्या वाफ्यातून मान वर केली. धूर पाहिला. "अरेरे, कुणाच्या घरी पेटलं?" असं म्हणेपर्यंत सोडणांचा ओळखीचा वास नाकात शिरला आणि त्यांच्या हातातली झारी खाली पडली.

ते जिन्याकडे धावले. स्वप्नाने त्यांना दोन्ही हातांनी अडवलं. "काका, वर जाऊ नका! काकू इथेच आहेत, बघा, सुखरूप आहेत!"

"तिचं नाही गं, माझा घ—"

"घरातलं सगळं मिळेल परत! जीव महत्त्वाचा!"

पेडणेकरांनी वहिनींकडे पाहिलं. ओल्या केसांतून पाणी गळत होतं आणि त्या नवऱ्याकडे अशा बघत होत्या की त्यापेक्षा आग बरी. कबूल करावं, तर रविवारी सभेत वाडीचं नाव काढायची सोय उरणार नाही. गप्प बसावं, तर सगळी सोसायटी थंडीत कुडकुडत उभी आणि शिंगटे टॉवेलवर. आता सांगतो, आता सांगतो, असं ते मनात म्हणत होते, आणि तेवढ्यात घंटा वाजली.

बंब आला, पण आत येईना. फाटकात शिंगट्यांची मोठी गाडी, तिच्यामागे आणखी दोन, आणि बाजूला स्कूटरांची रांग.

"कुणाची गाडी आहे? काढा!" बंबावरचा अधिकारी ओरडला.

"माझी," शिंगटे म्हणाले.

"चावी?"

शिंगट्यांनी नकळत खिसा चाचपला. टॉवेलला खिसा नव्हता. चावी पॅन्टमध्ये, पॅन्ट चौथ्या मजल्यावर, आणि चौथा मजला धुरात.

तेव्हा पेडणेकर पळाले. वय विसरून, गुडघे विसरून, वाडीच्या रस्त्याने मागच्या फाटकाशी गेले आणि कडी काढली. तेल घातलेल्या बिजागऱ्यांवर फाटक आवाज न करता उघडलं. "मागून या! मागून या! टेम्पोचा रस्ता आहे!" ते गल्लीत जाऊन ओरडले. बंब वळसा घालून आला. टेम्पोपेक्षा तो रुंद होता. एका बाजूला सगळ्यांचे वाफे, एका बाजूला पेडणेकरांचा लाल माठ. ड्रायव्हर थांबला.

"माझ्या बाजूने घ्या," पेडणेकर म्हणाले. "माठावरून घ्या. चला!"

बंबाची चाकं त्यांच्या कोवळ्या माठावरून गेली आणि केळीच्या बुंध्याशी बंब थांबला. पेडणेकरांनी तिकडे बघितलं नाही. त्यांना ते दिसू नये म्हणून स्वप्ना मध्ये उभी राहिली.

अधिकारी खाली उतरला. उंच, मिशीवाला, छातीवर नावाची पट्टी, आग्नेल तुस्कानो. माणसांनी नळ्या उलगडायला घेतल्या. आग्नेलने वर धुराकडे पाहिलं, नाक वर केलं आणि एक मोठा श्वास घेतला. मग हात वर करून आपल्या माणसांना थांबवलं. आणखी एक श्वास घेतला. त्याच्या चेहऱ्यावर एकदम असं काही आलं की तो क्षणभर गणवेशातला माणूस वाटेना.

"केळी कोण पिकवतंय?" त्याने विचारलं.

सगळं कंपाउंड एकमेकांकडे बघायला लागलं.

"काय?" शिंगटे म्हणाले.

"अहो, हा शॉर्ट सर्किटचा वास नाही. सोडणं आणि शेणी. मी गास गावचा आहे, माझं सगळं लहानपण या वासात गेलंय. इथे कुणीतरी वेलची पिकवतंय. कोण ते?"

मीरावहिनींनी कोपराने ढोसलं, पण त्याची गरज नव्हती. पेडणेकरांनी हात पुढे केला. शाळेत छडी खायला करतात तसा.

"मी," ते म्हणाले. "सगळ्यांना त्रास झाला. चूक माझी आहे. पण घड आपल्या वाडीचा आहे."

शिंगट्यांच्या डोक्यावरचा फेस आता वाळला होता. बोलण्यासारखं इतकं होतं की सुरुवात कुठून करावी ते त्यांना सुचत नसावं.

आग्नेल पेडणेकरांना घेऊन वर गेला. आधी त्याने सगळ्या खिडक्या उघडल्या, दार उघडून धूर जाऊ दिला आणि मडक्यात पाणी ओतलं. मग पेडणेकरांना समोर उभं करून झाडलं. बंद घरात असा विस्तव ठेवून निघून जायचं नसतं, झोपलेल्या माणसाचा जीव जातो, वाडीतला खड्डा वेगळा आणि माणसं राहतात ते घर वेगळं. पेडणेकर मान खाली घालून ऐकत होते आणि प्रत्येक शब्द त्यांना पटत होता. सगळं सांगून झाल्यावर आग्नेलने घडाला हात लावला. एक केळं अंगठ्याने हलकेच दाबलं, वास घेतला आणि आवाज बदलला.

"धूर पुरेसा लागलाय. आता फक्त गोणपाटात गुंडाळून ठेवा, विस्तव नको. कोंब कुणाचा?"

"गिरीजच्या युजीनचा. आमच्या पोस्टातला."

"युजीन अंकल? टेम्पोवाले? मग होणार चांगली." तो जिना उतरता उतरता थांबला. "काका, पुढच्या वेळी आधी फोन करा. बंब न घेता येतो, पिशवी घेऊन येतो."

खाली येऊन त्याने शिंगट्यांना गाठलं. शिंगट्यांना आता कुणीतरी शाल दिली होती. "सेक्रेटरी तुम्ही? पुढचं फाटक मोकळं ठेवा. आणि मागचा हा रस्ता कधीही बंद करू नका. आज खरोखर आग असती तर याच रस्त्याने वाचला असतात. इथे गाड्या लावायच्या म्हणताय असं कळलं. गाड्या लावल्यात तर आम्ही काय उडत येणार?"

शिंगटे मान हलवत राहिले. पेडणेकरांच्या मनात मात्र आनंदाच्या जागी नवीनच भीती शिरली. रस्ता मोकळा हवा, म्हणजे वाफेही काढा, असं उद्या कुणी म्हटलं तर?

रविवारी सकाळी चर्चमधली मिस्सा आटोपून युजीन आणि सुझान गिरीजहून आले, सुझानच्या हातात घरच्या अळवाची जुडी. युजीनने थेट बाथरूम गाठलं. "उघड," तो म्हणाला. पेडणेकरांनी सुतळीची गाठ काढली. गोणपाट सोडलं.

वरच्या फणीपासून खालच्या फणीपर्यंत सगळा घड पिवळा. एकसारखा, न डागाळलेला, आणि वास असा की बाहेरच्या खोलीत वहिनींनी मान वळवली.

"पिकली गो!" पेडणेकर आपल्या सावंतवाडीच्या बोलीत ओरडले. "सगळी एकदम पिकली!"

युजीनने वरपासून खालपर्यंत एकेक फणी चाचपली. मग त्याने पेडणेकरांच्या पाठीवर थाप मारली. "मला वाटायचं वाडी म्हणजे गिरीजला असते. आमची पोरं म्हणतात, आता कोण करणार हे सगळं? बघ, विरारला पोस्टातला माणूस करतोय."

सभेत खुर्च्या भरल्या होत्या. घड टेबलावर होता, आणि विषयपत्रिका त्याच्यामागे कुठेतरी. पेडणेकर आधी उभे राहिले.

"शुक्रवारबद्दल माफी मागतो. दुसरं, ज्या वाफ्यावरून बंब गेला तो माझा वाफा मी कायमचा रस्त्याला देतो. आता रस्ता बंबाएवढा रुंद आहे. बाकीचे वाफे राहू द्या. एवढंच. केळी घ्या."

केळी वाटली गेली. सालं निघाली आणि बोलणं बंद झालं. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी डोळे मिटून खाल्लं आणि म्हणाल्या, "याला चव आहे रे." स्वप्नाच्या मुलाने दुसरं मागितलं. पेडणेकरांनी शिंगट्यांच्या खुर्चीकडे पाहिलं. खुर्ची रिकामी होती, केळ्याचं साल तेवढं तिच्यावर होतं.

ते पाण्याचा तांब्या घ्यायच्या निमित्ताने बाहेर गेले. पंप रूमच्या आडोशाला शिंगटे मोबाइलवर बोलत होते, शेजारच्या सोसायटीच्या सेक्रेटरीशी.

"...अहो नाही, बाजारातली कसली? आमच्या वाडीची! हो, आमची वाडी. पावडर? छे, छे! धुरावर पिकवतो आम्ही, जुन्या पद्धतीनं. सोपं नाही ते, तुम्हाला नाही जमायचं. हो, हो, तो बंब त्याच्यासाठीच आला होता. साहेब खास गासचे, घड बघायलाच आले होते म्हणा ना."

पेडणेकर तिथेच उभे राहिले. आमची वाडी. एवढे दिवस माती उकरली, शेणखत ओतलं, लोकांचं हसणं सोसलं, आणि हे दोन शब्द आज ऐकायला मिळाले, तेही ज्याच्याकडून कधी अपेक्षा नव्हती त्याच्याकडून. त्यांनी तांब्या भरला, पण पाणी प्यायचं विसरून तसेच परत आले.

शिंगटे मागोमाग आले, माइक हातात घेतला आणि घसा साफ केला. "पार्किंगचा ठराव सुरक्षेच्या कारणाने मागे घेतो. पुढच्या फाटकात कुणीही गाडी लावणार नाही, माझ्यासकट. माझी बाहेर रस्त्यावर राहील. आणि एक सूचना आहे. केळीला आणखी कोंब आलेत. पुढचा घड कधी येतो, काका?"

"येईल, दिवाळीच्या आसपास. का?"

"पुढच्या वेळी दुसऱ्या मजल्यावर नको. धूर वर चढतो, सगळ्यांच्या घरात जातो. माझं घर चौथ्या मजल्यावर. वर फक्त गच्ची. आग्नेल साहेबांना बोलवू, त्यांच्या देखत नीट करू. घड माझ्या बाथरूममध्ये टांगा."

टाळ्यांचा कडकडाट झाला. युजीनने शिट्टी वाजवली. पेडणेकर डोळे पुसायला धोतराचा सोगा शोधू लागले. आपण पॅन्ट घातली आहे हे नंतर त्यांच्या लक्षात आलं. टाळ्या थांबल्या तेव्हा मागच्या रांगेतून शिंगटे वहिनींचा आवाज आला.

"आणि मी अंघोळ कुठे करू?"

शिंगट्यांनी माइककडे पाहिलं, पेडणेकरांनी जमिनीकडे. मीरावहिनी मात्र केळं सोलत निवांत बसल्या होत्या.

"स्वप्नाकडे या," त्या म्हणाल्या. "पाणी गरम येतं. मी तीन दिवस काढलेत तिथे."